आधी प्रकाश की आधी गणित?

हीरकमहोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा या अंकात अन्यत्र आला आहे. म्हणून संपादक मंडळाच्या अनुमतीने मी येथे एका वेगळ्याच विषयाकडे वळते. त्याचे कारण माझ्या हातून वर्गात घडलेली एक चूक.

२३ जानेवारी २०२२ रोजी नवी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची प्रकाशमय प्रतिमा उभी राहिली. वृत्तपत्रांनी तिला ‘होलोग्राम पुतळा’ असे नाव दिले. बेंगळुरूतील शाळा त्या दिवसांत साथीमुळे बंद होत्या. वर्ग पुन्हा भरू लागल्यावर सातवीच्या इतिहासाच्या तासाला एका मुलीने विचारले, “बाई, नेताजींचा तो होलोग्राम म्हणजे फोटो की चित्र?”

मी इतिहासाची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही शिक्षकाला गप्प राहणे जड जाते. मी म्हणाले, “तो प्रकाशाने काढलेला, सर्व बाजूंनी दिसणारा फोटोच समज.” मुलीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. पुढे वाचन करता करता माझ्या ध्यानात आले की ते वाक्य तीन प्रकारे चुकीचे होते. तिचा प्रश्न मात्र अत्यंत नेमका होता. होलोग्राफीचा पाऊणशे वर्षांचा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्याच बेंगळुरूत लिहिली गेली आहेत. ते उत्तर मी आता सविस्तर लिहीत आहे.

प्रथम होलोग्राम म्हणजे काय, ते पाहू. येडियूरच्या तळ्यात शेजारी शेजारी दोन खडे टाकले की दोन्हींच्या लहरी परस्परांत मिसळतात. जेथे उंचवट्यावर उंचवटा येतो तेथे पाणी अधिक उसळते. जेथे उंचवट्यावर खळगा येतो तेथे ते शांत राहते. या मिसळण्याला शास्त्रात व्यतिकरण म्हणतात. प्रकाशही लहरींनी चालतो. एखाद्या वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशात दोन प्रकारची माहिती असते. प्रकाश किती तेजस्वी आहे, ही पहिली. लहर त्या क्षणी आपल्या चढउतारातील कोणत्या टप्प्यावर आहे, ही दुसरी. या टप्प्याला ‘कला’ असा सुंदर शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांनी दिला आहे. वस्तूचा कोणता भाग जवळ आणि कोणता दूर, ही खोलीची माहिती या कलेत दडलेली असते. साधा कॅमेरा केवळ तेज टिपतो आणि कला गमावतो, म्हणून छायाचित्र सपाट दिसते.

ही गमावलेली कला परत मिळवण्याची युक्ती हंगेरीत जन्मलेल्या डेनिस गॅबर यांना इंग्लंडमध्ये १९४७ साली सुचली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील दोष दूर करावे, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. वस्तूवरून आलेल्या लहरीत दुसरी, ओळखीची लहर मिसळायची आणि त्या मिसळण्यातून उमटणारे सूक्ष्म पट्टे फिल्मवर टिपायचे. त्या पट्ट्यांच्या रचनेत तेज आणि कला दोन्ही बांधली जातात. पुढे त्याच फिल्मवर तशीच ओळखीची लहर टाकली की वस्तूपासून निघालेली मूळ लहर पुन्हा जन्म घेते. वस्तू तेथे नसतानाही डोळ्याला ती खोलीसह दिसते. गॅबर यांचा पहिला निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या लेखनाला होलोग्राम हे नाव दिले. या शोधासाठी त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक लाभले. मधली जवळजवळ पंधरा वर्षे मात्र ही कल्पना पडून राहिली, कारण पुरेसा शिस्तबद्ध प्रकाश हाती नव्हता. १९६० साली लेसर आला. त्यानंतर अमेरिकेत लीथ आणि उपात्निएक्स यांनी, तर सोव्हिएत संघात देनिस्युक यांनी १९६२ पासून पुढे होलोग्राफीला खरे रूप दिले. १९६४ साली लीथ आणि उपात्निएक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम शास्त्रज्ञांपुढे मांडला, तेव्हा पाहणारे चकित झाले. काचेच्या मागे गाडी नव्हती, तरी डोके हलवले की तिचा झाकलेला भाग दिसू लागे.

येथवरच्या कथेत सारे काही प्रकाशानेच घडते. लेखन प्रकाशाचे आणि वाचनही प्रकाशाचे. मग संगणक आला आणि वाट दुभंगली.

त्याआधी बेंगळुरूचा उल्लेख करायला हवा. सर सी. व्ही. रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून येथे आले. १९३५ आणि १९३६ या वर्षांत त्यांनी एन. एस. नागेंद्र नाथ यांच्यासमवेत एक निबंधमाला लिहिली. द्रवातून अतिशय उच्च वारंवारतेचा ध्वनी जात असताना त्यातून प्रकाश सोडला, तर तो अनेक दिशांना विभागला जातो. हे का घडते, ते त्यांनी गणिताने उलगडले. द्रव प्रकाश अडवत नाही की गिळत नाही. ध्वनीमुळे पडलेल्या घनविरळ थरांतून जाताना प्रकाशलहर कुठे किंचित लवकर पोहोचते, कुठे किंचित उशिरा. म्हणजे केवळ कलेत बदल होतो, आणि तेवढ्या बदलाने प्रकाशाची दिशा पालटते. जो आज होलोग्रामचा अभ्यास करू लागतो, त्याला पातळ होलोग्राम प्रकाश कसा वळवतो हे शिकताना ‘रामन–नाथ’ ही जोडी भेटतेच. होलोग्राम हा शब्द जन्मण्यापूर्वी दहा-बारा वर्षे त्याच्या गणिताचा एक आधारस्तंभ आपल्या शहरात उभा राहिला होता. ‘ऑप्टिकल होलोग्राफी’ हा १९८४ साली प्रसिद्ध झालेला आणि जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारे पी. हरिहरन हेही सत्तरच्या दशकाच्या आरंभी याच संस्थेत प्राध्यापक होते.

आता त्या दुभंगलेल्या वाटेकडे येऊ. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी लहरींचे गणित संगणकावर झपाट्याने करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पुढच्या दोन वर्षांत दोन प्रयोग झाले. दोन्हींत संगणक होता आणि होलोग्रामही होता. परंतु दोहोंची दिशा अगदी उलट होती.

पहिला प्रयोग १९६६ सालचा, ब्राउन आणि लोमान यांचा. त्यांनी कोणतीही वस्तू प्रकाशात ठेवली नाही. आपल्याला जी प्रतिमा दिसायला हवी, तिच्यापासून निघणारी लहर कशी असेल याचे गणित संगणकाने केले. त्या उत्तरानुसार असंख्य लहान काळ्या-पांढऱ्या फटी यंत्राने कागदावर रेखल्या आणि ते रेखाटन छायाचित्रणाने आकसून फिल्मवर घेतले. त्या फिल्मवर खरा प्रकाश सोडताच पलीकडे अपेक्षित प्रतिमा उमटली. हा संगणकनिर्मित होलोग्राम. येथे आधी गणित होते आणि मागून प्रकाश आला. वस्तू अस्तित्वात असण्याची गरजच नव्हती.

दुसरा प्रयोग १९६७ सालचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गुडमन आणि लॉरेन्स यांनी केला. त्यांच्यापुढे खरी वस्तू होती, खरा लेसर होता, आणि त्यांच्या मिसळण्यातून उमटलेले खरे पट्टे होते. फिल्मच्या जागी त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यातील नलिका ठेवली. टिपलेल्या पट्ट्यांचे आकड्यांत रूपांतर झाले, आणि फिल्मवर प्रकाश टाकून जी प्रतिमा पाहायची ती संगणकाने आकडेमोडीने उभी केली. ही डिजिटल होलोग्राफी. येथे प्रकाश आधी आला, गणित मागाहून.

काही ग्रंथांत ‘डिजिटल होलोग्राफी’ ही संज्ञा व्यापक अर्थाने, दोन्ही शाखांसाठी वापरलेली आढळते. त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. परंतु कामाच्या दृष्टीने फरक स्वच्छ आहे. संगीताचे उदाहरण घेऊ. पंडित भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून बंदिशी ऐकल्या आणि त्या स्वरलिपीत उतरवल्या. गाणे आधी घडले होते. कागद हा त्याचा पुरावा. याउलट एखादा संगीतकार नवी चाल प्रथम कागदावर स्वरांत मांडतो आणि ती नंतर गायिकेच्या कंठातून उमटते. स्वरलिपी दोन्हीकडे सारखीच दिसते. पण एका कागदामागे होऊन गेलेले गाणे आहे, आणि दुसऱ्या कागदापुढे अजून न झालेले.

या दुसऱ्या प्रकाराचे एक दगडी उदाहरण बनशंकरीपासून फार दूर नाही. गवीपुरम येथील गवी गंगाधरेश्वराच्या लेण्यात मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचा किरण नंदीच्या शिंगांमधून आत येऊन शिवलिंगावर पडतो. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना खांद्यावर घेऊन तो पाहिला असेल. तेथे होलोग्राम नाही, हे उघड आहे. पण दगडाची मांडणी आधी आणि ठरल्या वेळी येणारा प्रकाश नंतर, हा क्रम संगणकनिर्मित होलोग्रामशी जुळतो.

या दोन्ही वाटांचा पुढला प्रवास सारख्या गतीने झाला नाही. डिजिटल होलोग्राफीला चांगल्या कॅमेऱ्याची वाट पाहावी लागली. १९९४ साली जर्मनीत श्नार्स आणि युप्टनर यांनी सीसीडी संवेदकावर थेट होलोग्राम टिपून दाखवला आणि या शाखेला वेग आला. अडचण बारीकपणाची होती. होलोग्राफीची उत्तम फिल्म एका मिलिमीटरमध्ये काही हजार रेषा टिपते. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील एक ठिपका ५ मायक्रोमीटरचा धरला, तर एका मिलिमीटरमध्ये जेमतेम १०० रेषा उमटू शकतात. त्यामुळे वस्तूचा प्रकाश आणि ओळखीचा प्रकाश यांच्यातील कोन तीन-चार अंशांच्या आतच ठेवावा लागतो, आणि वस्तू लहान किंवा दूर असावी लागते. मात्र या मर्यादेतही या पद्धतीने मोठे काम केले. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद आणि जवळजवळ पारदर्शक असते. तिला रंग न लावता, जिवंत स्थितीत, तिच्यातून जाणारा प्रकाश किती मागे पडला हे मोजून तिची जाडी सांगता येते. एकदा टिपलेल्या होलोग्राममधून हवी ती खोली नंतर निवडून स्पष्ट करता येते. यंत्राच्या पात्यातील कंप, धातूला आलेला सूक्ष्म बाक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव हे सारे आता असे मोजले जाते. यांतील प्रत्येक उत्तरामागे समोर असलेली एक खरी वस्तू असते.

संगणकनिर्मित होलोग्रामची अडचण नेमकी उलट बाजूला होती. गणित करता येत होते. ते प्रकाशात उतरवणारा पडदा नव्हता. १९८९–९० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीफन बेंटन यांच्या गटाने हलता होलोग्राम दाखवला, तेव्हा त्यांनी एका स्फटिकात ध्वनिलहरी सोडून प्रकाश वळवला होता. ध्वनीने प्रकाश वळवण्याचा जो व्यवहार रामन आणि नाथ यांनी बेंगळुरूत गणिताने उलगडला होता, तोच अर्ध्या शतकानंतर चित्र रेखण्याच्या कामी आला.

आज या कामासाठी बहुधा द्रवस्फटिकांचा, म्हणजेच लिक्विड क्रिस्टलचा पडदा वापरतात. येथे नागपूर आणि बेंगळुरू यांना जोडणारे एक नाव घेतले पाहिजे. १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची एम. एस्सी. पदवी घेऊन एस. चंद्रशेखर आपले मामा रामन यांच्याकडे संशोधनासाठी येथे आले. पुढे रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे द्रवस्फटिक शोधून काढले आणि ही प्रयोगशाळा जगाच्या नकाशावर आली. त्याच संस्थेत एस. पंचरत्नम यांनी १९५६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ध्रुवित प्रकाशाची कला केवळ ध्रुवणाचा मार्ग बदलून कशी पालटते, ते दाखवले. ते १९६९ साली अकाली निवर्तले. त्यांच्या कामाचे खरे मोल १९८६ साली रामशेषन आणि नित्यानंद यांनी ‘करंट सायन्स’मधून जगाच्या नजरेस आणले. आज सपाट, नाजूक होलोग्राम घडवणारे संशोधक ‘पंचरत्नम कला’ हा शब्द रोज उच्चारतात.

एवढे असूनही घराच्या भिंतीवर संगणकनिर्मित होलोग्राम अजून का दिसत नाही? साधा हिशेब करून पाहावा. रुंद कोनातून पाहता यावा असा होलोग्राम हवा, तर त्याचा एक ठिपका सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा असायला हवा. म्हणजे १० सेंटिमीटर लांब-रुंद, तळहाताएवढ्या पडद्यावर २ लाख गुणिले २ लाख, अर्थात ४,००० कोटी ठिपके लागतील. आपल्या घरातील उत्तम ‘फोर-के’ दूरचित्रवाणी संचावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. तूर्तास हे तंत्र दुर्बिणींच्या आरशांचा आकार तपासणे, लेसरचा किरण हव्या त्या आकारात पसरवणे, सुरक्षिततेच्या चकाकत्या चिठ्ठ्या बनवणे अशा कामांत अधिक रुजले आहे.

आता नेताजींच्या प्रतिमेकडे परत येऊ. ती २८ फूट उंच आणि ६ फूट रुंद होती. ३० हजार ल्यूमेनचा प्रक्षेपक एका जवळजवळ अदृश्य, पारदर्शक पडद्यावर ती पाडत होता. पडदा दिसत नसल्यामुळे प्रतिमा हवेत उभी वाटे. तेथे लहरींचे पट्टे टिपलेले नव्हते, त्यांचे गणितही केलेले नव्हते. न दिसणाऱ्या पृष्ठावर प्रतिमा दाखवून भास निर्माण करण्याची कला जुनी आहे. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेतील प्रतिबिंबाने रंगमंचावर भूत उभे केले, ते याच कुळातले. आज नेते-अभिनेते ‘होलोग्रामद्वारे’ अवतरतात, तेव्हाही बहुतेक वेळा असाच खेळ असतो. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला त्या छत्रीखाली ग्रॅनाइटचा पुतळा आला. तो मैसूरचे शिल्पकार अरुण योगीराज यांच्या मार्गदर्शनाखाली घडला होता.

म्हणून माझे वाक्य तीन प्रकारे चुकले. नेताजींची ती प्रतिमा होलोग्राम नव्हती. ती सर्व बाजूंनी दिसतही नव्हती. प्रकाश एका सपाट पडद्यावरच पडत होता. आणि होलोग्राम हा फोटोच असतो, हेही खरे नव्हे. खऱ्या वस्तूची लहर टिपणारा होलोग्राम फोटोच्या जातीचा, मग तो फिल्मवर वाचा अथवा संगणकात. संगणकाने गणिताने रचलेला होलोग्राम चित्राच्या जातीचा. त्या मुलीचा ‘फोटो की चित्र?’ हा प्रश्न त्या शास्त्राची मूळ विभागणी होती, आणि मी ती पुसून टाकली होती.

हा फरक इतिहासाच्या शिक्षिकेला इतका का लागावा, असे कोणी विचारील. आमच्या विषयातही पहिला धडा हाच असतो. एखादा ताम्रपट पाहिला की आपण विचारतो: हा घडलेल्या गोष्टीचा लेख आहे, की नंतर कुणी रचलेला? दोहोंना मोल आहे. कवीने रचलेला पोवाडा खोटा ठरत नाही. पण त्याला दफ्तरातील हजेरीपट समजणे चूक आहे. आपली मुले अशा काळात वाढत आहेत की डोळ्यांना दिसणारी प्रतिमा टिपलेली आहे की घडवलेली, हे नुसते पाहून कळत नाही. त्यांना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, आणि तो विचारायला मराठीत शब्द मिळाले, तर आपल्या शाळेने बरेच काही दिले असे मी म्हणेन. व्यतिकरण, कला, द्रवस्फटिक हे शब्द आपल्या भाषेत आहेत. हा संपूर्ण विषय मी मराठीत लिहू शकले, याचे श्रेय ते शब्द घडवणाऱ्यांचे आहे.

ही स्मरणिकाही त्या विभागणीतून सुटलेली नाही. हिच्यातील जुनी छायाचित्रे आणि पटावरील नोंदी टिपलेल्या आहेत. आठवणींचे लेख मागाहून, प्रेमाने रचलेले आहेत. वाचकांनी दोन्हींचा आनंद घ्यावा आणि कोणते काय आहे हे ध्यानात ठेवावे.

ती मुलगी आता दहावी होऊन शाळेबाहेर पडली आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून हा अंक तिच्या घरी पोहोचेलच. तिची सातवीची वही अजून जपलेली असेल, तर तिने माझ्या त्या वाक्यावर एक रेघ मारावी आणि समासात या लेखाचा पृष्ठक्रमांक लिहावा, अशी तिच्या बाईंची विनंती आहे.